चारुशीलेच्या नावाचा रांजण

इंदोरा, नागपूर
३ मे १९७८

दादा,

एकच गोष्ट विचारायला हे पत्र लिहितेय. मी वारले केव्हा?

वर नुसतं 'दादा' लिहिलं म्हणून रागावू नकोस. 'तीर्थस्वरूप' लिहायला गेले तर हात अडला, आणि 'प्रिय' लिहिलं असतं तर तू पाकीट तसंच चुलीत घातलं असतंस. सतरा वर्षांनी लिहितेय, मायना कसला शोधत बसू?

काल आमच्या शाळेच्या सभागृहात व्यापारी मंडळानं एक स्पर्धा भरवली होती. 'आपली वस्ती, आपला उपाय' असं भारदस्त नाव. वस्तीतली एखादी अडचण आपण कशी सोडवली ते लोकांनी सात मिनिटांत सांगायचं आणि घंटा झाली की खाली बसायचं. पहिल्या आलेल्या वस्तीचं एक काम महानगरपालिका आणि मंडळ मिळून करून देणार. परीक्षक तिघं. माजी महापौर गोपाळराव, लाकडाच्या वखारीवाले बापूजी शेठ आणि मी. मला का घेतलं ते मलाच कळलेलं नाही. सभागृह शाळेचं आणि शाळेची मुख्याध्यापिका मी, तेव्हा भाड्याच्या बदल्यात खुर्ची दिली असावी. इथं मला सगळे गजभियेबाई म्हणतात. माझं माहेर हरकऱ्यांचं, हे त्या दोघांपैकी कोणालाही ठाऊक नाही.

सुरुवातीला गंमतच चालली होती. एका वस्तीनं डासांवर उपाय म्हणून बेडूक पाळायचं सांगितलं. बापूजी शेठांनी फार गंभीरपणे विचारलं, "और मेंढक का आवाज? उसका क्या उपाय?" मग इतवारीतली काही तरुण मंडळी आली. चौकाचौकात पत्र्याची पाण्याची टाकी ठेवायची आणि तिच्यावर दुकानांच्या जाहिराती लावायच्या, अशी त्यांची योजना. बापूजी शेठांची कळी खुलली.

त्यानंतर रुखमाबाई नावाची एक बाई उठली. महाल भागातल्या एका गल्लीची म्हणाली. कोणती गल्ली ते तिनं खाणाखुणांसकट सांगितलं तेव्हा मी ताठ झाले. आपलीच गल्ली. मी घर सोडल्यावर ती तिथं राहायला आली असावी, कारण मी तिला ओळखलं नाही, तिनंही मला नाही.

तिचं बोलणं तिच्याच शब्दांत लिहिते. "उन्हाळ्यात आमच्या गल्लीतून दवाखान्यात जानारे लोकं पानी मागत हिंडतात जी. प्याऊ लावली तं आठ दिवस भरतात, मंग कोरडी. काहून? तं रांजण कोनाचाच नाही. आता अक्षय तृतीयेले आपन मेलेल्या मानसाच्या नावानं घागर भरतोच का नाही? म्हनलं एकच दिवस काहून? सारा उन्हाळा भरा. एका घराचा एक रांजण, अन् त्याच्यावर घरातल्या मेलेल्याचं नाव. बापाच्या नावाचा रांजण कोरडा पाहून कोनाले झोप येईन, तुमीच सांगा!"

गोपाळरावांनी टेबलावर थाप मारली. मलाही उपाय मनापासून आवडला. इतका साधा की आपल्याला का सुचला नाही असं वाटावं. मग ती म्हणाली, त्यांचा एक कडक नियम आहे. जित्या माणसाचं नाव रांजणावर नाही म्हणजे नाही. गेल्या वर्षी निवडणुकीतल्या एका उमेदवारानं आपलं नाव रंगवलं, त्यावरून गल्लीत मारामारीपर्यंत पाळी आली, तेव्हापासून हा नियम. "तपासून घ्या. एक नाव जितं सापडलं तं आमाले स्पर्धेतून काढून टाका," असं ती छाती ठोकून म्हणाली. गल्लीतली विहीर मेमध्ये आटते, पाणी चौकातल्या नळावरून वाहून आणावं लागतं, म्हणून बक्षिसात त्यांना गल्लीसाठी नळ हवाय.

आणि मग बोटांवर मोजत ती नावं सांगायला लागली. कोणाची सासू, कोणाचे आजोबा. "अन् हरकऱ्याच्या घरचा चारुशीलेचा. वामनरावांची पोरगी, गिरिधरभाऊची लहानी बहीन. तरनीताठी गेली बिचारी. तिचा रांजण साऱ्या गल्लीत थंडा. वाळा टाकतात त्याच्यात."

घंटा माझ्यापुढं होती, दादा. सात मिनिटं केव्हाच उलटली होती. मी ती वाजवलीच नाही.

अण्णांनी माझ्या नावानं आंघोळ केली हे मला तेव्हाच कळलं होतं. महालातल्या ब्राह्मणाच्या मुलीनं बौद्ध मास्तराशी लग्न केलं, तर १९६१ साली त्यांनी आणखी काय करायचं होतं? ते मी समजून घेतलं होतं. पण अण्णांना जाऊन आठ वर्षं झाली. रांजण लावायला लागून ही बाई म्हणते दोनच उन्हाळे झाले, हा तिसरा. म्हणजे माझं नाव अण्णांनी लिहिलेलं नाही. ते तू लिहिलंस. पुन्हा वाळा घालून रोज भरतोस. मेलेलीच धरायचं तर थंड पाणी कशाला? आणि थंड पाणी पाजायचं तर मेलेली कशाला? मला काही उमगत नाही.

मतांचं असं झालंय: गोपाळराव रांजणांच्या बाजूनं, बापूजी शेठ टाकीच्या. माझं मत तेवढं उरलंय. रविवारी सकाळी आम्ही तिघं गल्ली पाहायला येतोय. त्याआधी उत्तर पाठव.

चारू


६ मे १९७८

दादा,

तुझं कार्ड आज मिळालं. मायना नाही, विचारपूस नाही. "रविवारी येऊ नये. गि. वा. हरकरे." एवढ्यासाठी पोस्टाचं कार्ड खर्ची घातलंस, हेही तुझ्या स्वभावाच्या मानानं उधळेपणच म्हणायचं!

'येऊ नये' म्हणजे काय? विटाळ होईल म्हणून? की मी आले तर रांजणावरचं नाव खोटं पडेल आणि गल्लीचा नळ जाईल म्हणून? दुसरं कारण असेल तर ते मला तुझ्याआधी सुचलंय. तीन दिवस त्याच विचारात आहे. मी खरं सांगितलं, की ही चारुशीला म्हणजे मीच, तर त्यांचा नियम मोडतो आणि गल्ली बाद होते. शिवाय जिवंत माणसाचं नाव, तेही परीक्षकाचं! बापूजी शेठ म्हणतील की परीक्षकाला खूष करायला रंगवलं. आणि गप्प बसले तर मी माझ्या हातानं माझ्या मरणावर सही केल्यासारखं होतं. परीक्षकपण सोडावं म्हटलं, तर कारण काय सांगू?

आमच्या ह्यांना, आनंदरावांना, सगळं सांगितलं. मी आमटी ढवळत होते, ती तशीच उतू गेली. म्हणाले, "काहून रडून राहिली वं? आमी श्राद्ध मानत नाही, तशी शपथच घेतली आहे. म्हंजे तू आमच्याकडं जितीच आहेस." मग म्हणाले, "पन पानी चांगलं आहे म्हने ना?" त्यांना सगळ्यात पाणीच दिसतं. भूगोल शिकवतात ना, त्याचा परिणाम.

त्यांचं म्हणणं, गप्प राहायचं. मत रांजणांना द्यायचं, गल्लीला नळ मिळू द्यायचा. माझ्या नावामुळं चार तहानलेली माणसं पाणी पितात, तर त्यात माझं काय जातं? ऐकायला बरं वाटतं. मीही तसंच ठरवलंय. उद्या मी गजभियेबाई म्हणून येईन, रांजण पाहीन आणि जाईन. तुझ्या दाराकडं मान वळवणार नाही. तूही बाहेर येऊ नकोस म्हणजे झालं. टपाल वेळेत पोचायचं नाही, म्हणून हे शाळेच्या शिपायाच्या हाती आजच धाडतेय.

पण एक गोष्ट सांगून ठेवते, कारण ती गिळवत नाही. आईला वाचता येतं. माझं नाव तर तिनंच मला पाटीवर गिरवायला शिकवलं. ती रोज देवळात जाताना त्या रांजणावरून जात असेल आणि आपल्या जित्या पोरीचं नाव मेलेल्यांच्या ओळीत वाचत असेल. तिला काय वाटत असेल, याचा एकदा तरी विचार केलास? माझ्यावर राग धर, सतरा वर्षं धरलास तसा. तिला ही शिक्षा कशाला?

उद्या ती ओट्यावर बसलेली असेल तर मात्र माझं काही खरं नाही. तिला सकाळपुरतं आतच बसव. तिच्यापुढं मला परकं होता येणार नाही.

चारू


७ मे १९७८

दादा,

तू खिडकीशी होतास. पडदा हलला. म्हणजे तू सगळं ऐकलंस, तरी मी लिहितेय, कारण लिहिलं नाही तर मला आज काय झालं ते कळणार नाही.

गल्लीच्या तोंडाशी रुखमाबाई हार घेऊन उभी. गोपाळरावांनी हार घेतला, बापूजी शेठांनी घाम पुसला. भिंतीच्या सावलीला रांजणांची रांग, प्रत्येकावर ओलं फडकं, वर झाकण, झाकणावर उलटा गडवा. चुन्यानं लिहिलेली नावं. खरंच एकही कोरडा नव्हता. बापूजी शेठांनी प्रत्येक रांजणात डोकावून पाहिलं आणि प्रत्येक वेळी त्यांचा चेहरा पडत गेला. टाकीवाले हरत होते.

मी मास्तरणीसारखी मागून चालले होते. माझं नाव आलं. मी त्याकडं नुसती नजर टाकली आणि पुढं झाले. मनात म्हटलं, जमलं. उगीच घाबरत होते. पुढच्या रांजणावर अक्षरं अजून पांढरीशुभ्र होती. मी ती वाचली. मग पुन्हा वाचली.

पार्वतीबाई वामनराव हरकरे.

माझ्या तोंडून निघालं, "केव्हा?"

रुखमाबाई म्हणाली, "माघात गेल्या जी. झोपेतच. लई पुण्याची म्हातारी."

मी तुझ्याच ओट्याच्या पायरीवर बसले. बापूजी शेठ धावले, त्यांना वाटलं ऊन लागलं. त्यांनी स्वतःच्या हातानं माझ्या रांजणातून गडवा भरून माझ्यापुढं धरला. "क्या हुआ बाई? ये आपकी कौन थी?"

ठरवलेलं सगळं होतं, दादा. गजभियेबाई, गल्लीचा नळ, गप्प बसणं. 'कोणी नाही' एवढे दोन शब्द म्हणायचे होते. मी म्हणाले, "आई."

पुढचं तू ऐकलंसच. गोपाळरावांनी विचारलं, म्हणजे ही चारुशीला? मी मान हलवली. रुखमाबाईच्या हातातलं झाकण पडून फुटलं. गोपाळरावांनी चष्मा पुसला. मग म्हणाले, नियम गल्लीचा आहे, तो गल्लीनंच मोडला आणि परीक्षकाचा संबंध निघाला, माझा नाइलाज आहे. बापूजी शेठ तर चक्क म्हणाले, "रहने दो, गोपालराव," पण त्याला आता उशीर झाला होता. बक्षीस टाकीला गेलं.

आणि तुझं दार बंदच राहिलं.

'रविवारी येऊ नये' याचा अर्थ मला पायरीवर बसल्यावर समजला. मला आईचं असं भिंतीवरून कळू नये, एवढंच तुला म्हणायचं होतं ना? मग ते कार्डावर का नाही लिहिलंस? चार शब्दांची जागा उरली होती. आई गेली आणि तू मला कळवलं नाहीस. माघ, फाल्गुन, चैत्र गेला. मी शाळेत स्नेहसंमेलनं करत होते, मुलींना नाच बसवून देत होते. मी तुला कधीही क्षमा करणार नाही, असं लिहिणार होते. तसंच समज.

चारू


९ मे १९७८

दादा,

आज सकाळी रुखमाबाई घरी येऊन गेली. पत्ता शाळेच्या शिपायाकडून काढला. मी तिला बसायला सांगितलं, ती बसली नाही. उंबऱ्यातूनच तोंड सोडलं. "एवढे सतरा वर्ष मेल्या होत्या ना बाई तुमी? मंग अजून पाच मिंट मरून राहता आलं नाही? नळ गेला आमचा!"

मला हसू फुटलं आणि रडूही. ती गोंधळली. मग आनंदरावांनी तिच्यापुढं पाणी ठेवलं, ती प्यायली, आणि पदरानं तोंड पुसून एकदम मऊ झाली. मला म्हणाली, तुम्हाला एक ठाऊक नसेल. ते मी इथं लिहून ठेवते. तुला ते पहिल्यापासून माहीत होतं आणि तरी तू माझे आरोप गुमान वाचून घेतलेस.

माझं नाव तू दिलं नव्हतंस. आईनं दिलं.

दोन वर्षांपूर्वी रुखमाबाई नावं विचारायला आली तेव्हा तुला वाटलं आई अण्णांचं नाव सांगेल. रुखमाबाईनंही तेच धरलं होतं. आई म्हणाली, "ह्यांचं श्राद्ध गिरिधर करतो. माझी मुलगी आहे, चारुशीला. तिचं लिहा." रुखमाबाईनं विचारलं, केव्हा गेली? आई म्हणाली, बरीच वर्षं झाली घरातून गेली त्याला. रुखमाबाई नवी, तिनं जे समजायचं ते समजलं. तू तिथंच उभा होतास म्हणे. तू काही बोलला नाहीस.

"मंग म्हातारी सोताच भरे," रुखमाबाई सांगत होती. "गुडघे दुखत, तरी कोनाले हात नाही लावू देल्ला. म्हने, माह्या पोरीचं पानी आहे. वाळा आनाले इतवारीत जाय. कोनी पेऊन गेलं का इचारे, थंडं होतं का? लोकं म्हनत, हो आजी. तं तिचं त्वांड असं होई." रुखमाबाईनं तोंड करून दाखवलं. ते आईचंच तोंड होतं, मी पाहिलं.

मी सकाळपासून याच गोष्टीत अडकलेय, दादा. आईनं मला मेलेली सांगितलं. का, कसं, तिला ते सांगवलं तरी कसं? मग वाटतं, त्या घरात माझं नाव घ्यायला दुसरी वाटच नव्हती. जिती म्हणून घेतलं असतं तर तू उठून गेला असतास. मेलेली म्हणून घेतलं तर रोज दोन वेळा मोठ्यानं घेता आलं. असंच असेल का? की म्हातारपणी तिलाही खरंच वाटायला लागलं होतं की मी नाही? हे आता विचारायचं तर कोणाला? तुलाच विचारतेय.

आणखी एक सांगितलं तिनं. आई गेली त्या सकाळी तू कोणाला तरी सांगायला सायकल घेऊन निघालास, आणि थोड्या वेळानं तसाच परत आलास. कोणाला सांगायला, ते तिला माहीत नाही. मला वाटतं मला माहीत आहे. अण्णा गेल्याचं मी वर्तमानपत्रात वाचलं तेव्हा मीही गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत आले होते. तेव्हा परवाचं जे 'क्षमा करणार नाही' लिहिलं, ते तू वाचलं असशीलच, पण त्याचं काय करायचं ते मला आता कळत नाही. राग गेलेला नाही. कोणावर धरायचा तेवढंच समजेनासं झालंय.

आई गेल्यापासून दोन्ही रांजण तूच भरतोस म्हणे. तिचाही आणि माझाही. चौकातल्या नळावरून दोन-दोन बादल्या, कचेरीला जायच्या आधी. पन्नाशी उलटली तुझी, कंबर धरलीय असंही रुखमाबाई म्हणाली. तिला सगळं ठाऊक असतं.

माझा रांजण आता नियमात बसत नाही, त्याचं गल्लीनं काय करायचं ते ठरवावं. रुखमाबाई नाव पुसायचं म्हणते आणि पुसायला हात होत नाही असंही म्हणते. ते तिचं ती पाहील. नळ माझ्या एका शब्दापायी गेला. तो शब्द मी परत घेणार नाही, तेव्हा पाणी तरी आणायला पाहिजे.

उद्या अक्षय्य तृतीया. आई गेल्यानंतरची पहिली. आनंदराव म्हणतात, आमच्यात घागर भरत नाहीत, पण पाणी वाहायला शपथ आड येत नाही. ते चौकापर्यंत सोबत येतील. आईचा रांजण मी भरणार आहे. मुलीनं भरावा की नाही, लग्न करून गेलेल्या मुलीनं, बौद्धाच्या बायकोनं, हे शास्त्र मला विचारू नकोस, मी वाचलेलं नाही. हे पत्रही शिपायाच्याच हाती धाडतेय, सकाळी ऊन चढायच्या आत येते.

दार उघडायचं की नाही, ते तू ठरव. बादली तेवढी बाहेर ठेव.

चारू